सूर्य शांत होईपर्यंत एक्स-रे बंद

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर माझा लेख चिकटवलेला होता. माझं लेखन कुणीतरी उपयोगात आणल्याची ही पहिलीच वेळ.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पंधरवड्यापूर्वी सूर्यावर मोठी सौरज्वाला उसळली, तेव्हा इथल्या साप्ताहिकात मी लिहिलं होतं, की अशा ज्वालेतून अतिनील किरण आणि क्ष-किरण प्रचंड प्रमाणात निघतात, आठ मिनिटांत पृथ्वीपाशी येतात आणि रेडिओचे संदेश बंद पाडतात. कात्रण नेमकं तिथे कापलं होतं. खाली निळ्या पेनानं लिहिलेलं: 'सूर्य शांत होईपर्यंत एक्स-रे बंद. हुकुमावरून.'

सोबत आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या जनकाबाई होत्या. जीपमधून उतरताना उजव्या मनगटावर पडल्या, त्याला बारा दिवस झाले होते. मनगट वांग्याच्या रंगाचं.

"तीन खेपा मारल्या सर म्या. बाबू म्हने, सूर्य थंडा झाला का या. वर तुमचं नाव होतं. म्हटलं, सरानं लिहिलं त खरंच असन."

मी टेबलामागच्या उत्तमरावांकडे गेलो. बाबू तेच.

"पुढचं वाक्य कुठे आहे?"

"कोनतं?"

"हे क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ते वाक्य."

"दारावर जागा नोती सर."

"कुलूप काढा."

"चाबी एक्स-रेवाल्यापाशी असते."

"तो कुठे आहे?"

"पद रिक्त हाय. चार वर्सं झाले."

"मग सूर्याला कशाला मध्ये घातलंत?"

उत्तमराव समजुतीनं म्हणाले, "रिक्त लिहिलं का लोकं भांडतात सर. सूर्यासंग कोन भांडन?"

मी भांडलो. वर्गात पंचवीस वर्षांत चढला नव्हता इतका आवाज चढला. उत्तमरावांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी द्या."

मी जनकाबाईंच्या नावानं तक्रार लिहिली. त्यांनी जनकाबाईंसमोर शाईचा पॅड ठेवला.

"लावा अंगठा. डावा चालते."

"अंगठा काऊन? सातवी पास हाओ मी."

त्यांनी डाव्या हातात पेन धरला. पहिल्या 'ज'नेच ओळ सोडली. मागची रांग पुढे सरकून बघू लागली.

"बाई, मांगं लाइन हाय," उत्तमराव म्हणाले.

"बारा दिवस म्या वाट पाह्यली बे. तू पाच मिनिटं पाह्य."

पूर्ण नाव झालं. वाकडंतिकडं, पण आडनावासकट. मग जनकाबाईंनी डाव्या हाताच्या नखानं दारावरचं कात्रण खरवडून काढलं, घडी करून पिशवीत टाकलं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"बुलढान्याच्या डाक्टरले दाखोतो. हाड वाकडं जुळलं असन, त कोनामुळं ते त्याले समजू द्या."

"अहो, पण मी पुढे लिहिलं होतं ना, की काही पोचत नाही म्हणून!"

"ते पह्यले लिहाचं असते, सर," जनकाबाई म्हणाल्या आणि माझी वाट न बघता स्टँडकडे चालू लागल्या.