एकही खिळा नसलेलं टेबल

मासा चिकटला.

मासा प्लास्टिकचा होता, निळा, पोटात चुंबक असलेला. लोक फ्रिजवर लावतात तसला. तपासणीला आलेल्या मॅडमनी तो पर्समधून काढला आणि टेबलाच्या पायांवरून फिरवायला सुरुवात केली. तीन पायांवरून तो मुकाट्याने गेला. चौथ्या पायाच्या वरच्या टोकाशी, जिथे पाय फळीला मिळतो, तिथे टक् करून बसला.

"इथे लोखंड आहे," मॅडम म्हणाल्या.

"शक्य नाही," आठवाले म्हणाले.

मॅडमनी हात काढून घेतला. मासा लाकडावर तसाच राहिला, एका डोळ्याने आठवाल्यांकडे बघत.

आमच्या प्रयोगशाळेत लोक टेलिफोन, राउटर, मोडेम असले डबे घेऊन येतात. डबा वीज घेतो ते ठीक, पण घेता घेता त्याच तारेतून तो काही कचराही उलट सोडतो. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने शेंगांची टरफलं यजमानाच्याच बिछान्यात टाकावीत, तसं. मग शेजारच्या घरात रेडिओ खरखरतो आणि शेजारी रेडिओला शिव्या देतो. हा कचरा किती, ते आम्ही मोजतो. विजेच्या तारेत मध्ये एक पेटी बसवायची, टेलिफोनच्या तारेत तिची धाकटी बहीण, आणि पेटीत काय सांडतं ते पडद्यावर बघायचं. मोजण्यात काहीच नाही, ते यंत्र करतं. सगळा जीव मांडणीत असतो. जमिनीवर पत्रा, मागे उभा पत्रा, त्याच्यापासून ठरल्या अंतरावर डबा, आणि डब्याखाली लाकडाचं टेबल. तारेची जास्तीची लांबी गोल गुंडाळायची नाही. गोल गुंडाळली की तारेला स्वतःचे विचार सुचायला लागतात. ती आठाच्या आकड्यासारखी घडी घालून बांधायची.

हे काम आठवाले करत. इतकी वर्षं केलं की घरी बागेची नळीही ते आठातच ठेवत आणि त्यांची बायको माहेरी फोन करून ते सांगत असे. नाव असं पडलं.

टेबल त्यांच्या वडिलांनी केलेलं. प्रयोगशाळा नवी होती तेव्हा साहेबांना धातू नसलेलं टेबल हवं होतं. आठवाले म्हणाले, माझे वडील सुतार आहेत, एकही खिळा न मारता करतील. वडिलांनी तेव्हा काम सोडून दिलं होतं, तरी केलं. टेम्पोतून स्वतः घेऊन आले.

"यावर जेवणार कोण?" त्यांनी विचारलं होतं.

"कोणी नाही, बाबा. एक टेलिफोनचा डबा ठेवायचा."

"जड आहे?"

"पावशेर असेल."

म्हाताऱ्याने टेबलावर एक थाप मारली. मग म्हणाला, "यावर म्हैस ठेवली तरी चालेल," आणि टेम्पोत जाऊन बसला. वर्षभरात ते गेले. ते त्यांचं शेवटचं काम.

मांडणीच्या कागदांत टेबलाच्या नावापुढे आठवाल्यांनी हट्टाने एक वाक्य घालायला लावलं होतं: 'संपूर्ण लाकडी, एकही खिळा नाही.' नियमाला एवढं नको होतं, त्यांना हवं होतं. नव्या माणसाला ते आधी टेबल दाखवत, मग यंत्र, आणि वेळ उरला तर संडास कुठे आहे ते.

"एका खिळ्याने तुमचा आलेख हलणार नाही, हे मलाही कळतं," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही लिहिलंय, एकही नाही. मी उद्या दुपारपर्यंत आहे. तोवर टेबल तरी बदला, नाहीतर वाक्य."

"'जवळजवळ एकही नाही' असं लिहिलं तर?" साहेबांनी विचारलं.

मॅडमनी मासा ओढून काढला आणि पर्समध्ये टाकला.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "आठवाले, थर्मोकोलची टेबलं मिळतात हो आजकाल. पांढरी, हलकी. उद्या सकाळी मागवू. हे भंगारात देऊन टाकू, जागा तरी होईल."

"उद्या दुपारपर्यंत म्हणाल्या ना त्या," आठवाले म्हणाले. "मग दुपारपर्यंत थांबा."

ते खोलीबाहेर आले. दारापाशी स्टुलावर एक ट्रे असतो. आत जाताना फोन, किल्ल्या, घड्याळं त्यात काढून ठेवायची, हाही त्यांचाच नियम. त्यांनी ट्रेमधून फोन उचलला आणि आईला लावला. त्यांच्या आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती ओरडून बोलते, आणि म्हणून ते सगळं मलाही ऐकू आलं. मी ऐकत नव्हतो. उभा होतो.

"आई, ते ऑफिसचं टेबल. त्यात बाबांनी खिळा मारला होता?"

"काय?"

"खिळा! टेबलात!"

"मारला होता की. मीच धरला होता."

आठवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हात कापायला लागला होता रे त्यांचा," आई सांगू लागली. "चौथा पाय काही केल्या बसेना. खुंटी वाकडी जायची. तीनदा नवी केली. मग म्हणाले, धर. मी खिळा धरला. दोनदा माझ्या बोटावर बसली हातोडी, तिसऱ्यांदा खिळ्यावर. वरून लाकडाची चकती चिकटवली आणि म्हणाले, पोराला सांगू नकोस, त्याने शब्द दिलाय तिथे."

"मग आता का सांगतेस?"

"तू विचारलंस म्हणून. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही. जेवलास का?"

"जेवलो."

जेवले नव्हते. आत गेले आणि टेबल उलटं करून त्याच्याशेजारी बसले. चारही पाय वर, एखादी म्हैस पहुडल्यासारखं. चकती मला दिसेचना. त्यांना बोटाला लागली. पटाशीने तासून काढल्यावर आत खिळ्याचं डोकं निघालं, एका बाजूला चेपलेलं. आठवाल्यांनी पक्कड लावली, पण लगेच ओढली नाही.

"मी म्हणायचो त्यांना," ते म्हणाले. "चहा सांडायचा बशीत. मी म्हणायचो, बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?"

मग ओढला.

आता भोकात खुंटी हवी. मी पेन्सिल पुढे केली. आठवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मंदिरात चप्पल घालून आलोय. पेन्सिलीतलं शिसं वीज वाहून नेतं, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. शेवटी रंगाच्या ब्रशची दांडी कापली. बापाचा धंदा त्यांच्या हातात उतरला नव्हता. पहिली खुंटी फुटली. दुसरी वाकडी गेली. तिसरी गेली तीही वाकडीच, पण गेली.

टेबल सरळ केलं. ते डुगडुगलं. आम्ही दोघांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर पूर्ण मांडणी झाली. आठवाल्यांनी राउटरच्याच खोक्याचा पुठ्ठा फाडून चौथ्या पायाखाली सारला. राउटर ठेवला, पत्र्यापासूनचं अंतर मोजलं, तारा पेट्यांना जोडल्या, जास्तीच्या तारेची आठाची घडी घातली आणि ती दोनदा सोडून पुन्हा घातली. राउटर बंद ठेवून आधी आलेख घेतला, कारण डबा गप्प असताना खोली गप्प आहे ना, हे आधी बघायचं असतं. खोली गप्प होती. मग राउटर चालू केला. तो गरीब निघाला, मर्यादेच्या बराच खाली राहिला. त्याच्याकडे तसंही कोणाचं लक्ष नव्हतं.

मॅडमनी मासा काढला. पहिला पाय, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या वरच्या टोकाशी त्यांनी तो टेकवला आणि हात सोडला. मासा पडला आणि जमिनीच्या पत्र्याला चिकटला. तिथे चिकटायची त्याला मुभा आहे.

"ठीक," मॅडम म्हणाल्या. "वाक्य राहू दे." टेबलाला हात लावून त्या उठल्या तेव्हा ते किंचित हललं. "हे हलतं का?"

"हलतं," आठवाले म्हणाले.

"हलू नये असं कुठे लिहिलंय?"

"नाही."

"मग ठीक."

साहेबांनी थर्मोकोलची चौकशी थांबवली. बाहेर येऊन आठवाल्यांनी फोन लावला.

"आई, टेबल राहिलं."

"बरं झालं. नीट उभं आहे ना?"

"जरा डुगडुगतं."

"मग एक खिळा मारायचा," आई ओरडली.

त्या दिवसापासून ट्रेमध्ये रोज एक वस्तू जास्त असते. खोलीत शिरताना आठवाले फोन ठेवतात, किल्ल्या ठेवतात, घड्याळ ठेवतात, आणि मग वरच्या खिशातून एक गंजका, चेपल्या डोक्याचा खिळा काढून सगळ्यांत शेवटी ठेवतात. तो गोल आहे, घरंगळतो. म्हणून त्यांनी त्याच्यासाठी तारेच्या तुकड्याची एक छोटी बैठक केली आहे. आठाच्या आकाराची.

संध्याकाळी निघताना ते आधी खिळा उचलतात. फोन कधीकधी विसरतात.