पाच रोपांची राखण

"गवंड्याला सांगितलंय. पंधरा दिवसांनी येतोय. हे तुझं हिरवं कौतुक उपट, मला स्कूटरला शेड करायचीय!" दादा परसात उभा राहून ओरडत होता, आणि वहिनी कानात बोळे घातल्यासारखी ब्रोकोलीच्या बुडाशी खुरपं चालवत होती.

परस आमचं केवढं, तर दोन खाटा टाकल्या की संपलं. त्यात तिची पाच रोपं. महिनोन्महिने पाणी घातलं, अळ्या हातानं वेचल्या, आत्ता कुठं गड्डे धरलेले. घरातलं कपाट दादाचं, खुर्ची दादाची, रेडिओ दादाचा. वहिनीचा म्हणाल तर हा एवढाच वाफा.

"भाजी निघायच्या आत उपटू?" ती म्हणाली.

"निघणार कशी? तीस वर्षं फ्लॉवर पिकवलाय मी. पांढरा झाल्याशिवाय तो गड्डाच नव्हे."

"अहो, हा हिरवाच असतो. हिरवाच कापायचा."

"आता तू शिकव मला!"

वहिनी खुरपं टाकून उठली. "मग ठरलं. गवंडी यायच्या आत हे गड्डे तुमच्या ताटात पडले आणि तुम्ही खाल्ले, तर शेडचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही पडले तर स्वतःच्या हातानं उपटायचंस. हा भाऊ साक्षीला."

भाऊ म्हणजे मी. मला साक्षीदार करणारा माणूस किती हुशार, ते तुम्हीच ठरवा.

आता दादानं गप्प बसावं की नाही? पण तीस वर्षांचा अनुभव अंगात वळवळत होता ना! "उद्या कुणी म्हणायला नको, ह्यानं पीक वाया घालवलं," असं म्हणत त्यानं पाचही रोपांची पानं वर ओढली आणि गड्ड्यांवर मोटा बांधल्या. फ्लॉवरला ऊन लागू नये, तो पांढरा राहावा म्हणून बांधतात, तशा. सुतळी मीच आणून दिली. वर दादा दम देतो, "कुणी हात लावला तर कळेल मला. ही गाठ फक्त मला येते."

गाठ वडिलांनी शिकवलेली. वडील आमचे दोघांचे एकच, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खाट टाकून राखण सुरू. जेवण झालं की पहारेकरी आडवा, आणि पाच मिनिटांत घोरणं असं की कोंबड्या कुंपणापलीकडं. मी गाठ सोडली. वहिनीनं वीतभर देठ ठेवून पहिला गड्डा तिरका कापला. दादाच्या पायापासून हातभर अंतर!

"भावजी, मोट पोचट दिसतेय हो."

दोरीवर दादाचा बनियन वाळत होता. मी गोळा केला, आत कोंबला, आणि वडिलांची आठवण काढून गाठ मारली.

त्या संध्याकाळी दादानं बारीक चिरलेली ती हिरवी भाजी दोनदा वाढून घेतली. "झकास! कसली गं?"

"परसातलीच," वहिनी अगदी खरं बोलली.

"बघ! असलं काही पालकबिलक लाव की. कशाला ती थेरं?"

मला ठसका लागला. वहिनीनं पाणी दिलं, तेही हसू आवरत.

दहा दिवसांत पाच गड्डे गेले आणि पाच बनियन. दादा घरभर उलथापालथ करत होता. शेवटी शेजारच्या शिंपीणबाईंवर घसरला, "तुमच्या अंगणात उडून आले असतील, मुकाट्यानं द्या!" शोधायला मीही सोबत गेलो. त्यांच्या पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं.

पंधराव्या दिवशी गवंडी थापी घेऊन हजर. वाद ऐकायला शिंपीणबाई कुंपणाशी.

"सगळ्यांदेखत सोडतो," दादा म्हणाला. पहिली गाठ सोडली, पानं बाजूला केली आणि नाचायलाच लागला. "पांढरा! पांढरा झाला! बघा, तीस वर्षं काय माशा मारल्या?"

"मग पीक आलं की, मालक," गवंडी म्हणाला.

दादानं हात घालून ओढलं. गड्डा निघाला तो निघतच राहिला. आधी बाही, मग पाठ, मग पोटावरचं भोक.

शिंपीणबाई म्हणाल्या, "मी चोरला तो हाच का हो?"

"गड्डे कुठंयत?" दादानं बनियन झटकून बघितला.

"पोटात तुमच्या. पाचही," वहिनी म्हणाली. "विचारा साक्षीदाराला."

"तिसऱ्याला तू ताट चाटलंस," मी साक्ष दिली.

वहिनीनं कापलेल्या देठाखालची पानं सारली. पानांच्या बेचक्यात अंगठ्याएवढे नवे गड्डे फुटले होते. "आणि हे अजून येतायत."

गवंड्यानं डोकं खाजवलं. "मग मी काय बांधू?"

"वाफ्याशेजारी एक ओटा बांधा," वहिनी म्हणाली. "राखणदाराला खाटेवर झोप लागते."

ओटा झाला. दादा दोन दिवस तिकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्यावर जाऊन बसला. बनियनवरचे हिरवे डाग काही निघाले नाहीत, तेच घालून बसतो. परवा शिंपीणबाईंनी ब्रोकोलीची रोपं आणली, तर कुंपणावरून ह्याचं चालू, "हिरवा असतानाच कापा बरं का! पांढरा व्हायची वाट बघतात ती माणसं अडाणी. तीस वर्षांचा अनुभव आहे आपला."