झालं की झालंच?

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्तर आहे. सासऱ्यांनी पैपाहुण्यांत सांगून टाकलंय की जावई मास्तर आहे, म्हणून सगळी भाचरं गणितं घेऊन माझ्याकडे येतात. माझी मास्तरकी वेगळी. चार घरांत पांगलेली माणसं रोज सकाळी स्क्रीनवर गोळा करायची आणि तीन प्रश्न विचारायचे: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय? याला म्हणे उभी सभा म्हणतात. उभं कुत्रंही नसतं. निम्मे पांघरुणातून बोलतात.

त्या दिवशी अकराला ग्राहक कंपनीच्या मॅडमना ‘पैसे परत’चं पान दाखवायचं होतं. चाललं तर वर्षभराचं काम. नाही चाललं तर काम दुसरीकडे आणि आम्ही सगळे परत ऑफिसात, असं साहेबांनी बजावलं होतं. मी ऑफिसात गेलो की तान्ह्या पोरीला बघणार कोण? बायकोला नुकतीच लॅबमध्ये दुपारची पाळी मिळाली होती. ती तिलाच सोडावी लागणार, मला नाही. का, ते विचारू नका. जगाची रीतच हरामखोर आहे.

“पैसे परतचं काय?” मी सभेत विचारलं.

“झालंच, सर,” डेव्हलपर म्हणाला.

“अडथळा?”

“छे!”

मी स्क्रीनवरच्या बोर्डावरून त्याच्या कामाची चिठ्ठी उचलून ‘झालं’च्या रकान्यात टाकली.

“पण...” टेस्टरबाई म्हणाल्या. त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं, म्हणून आम्ही त्यांना पणबाई म्हणतो. मी सभा आटोपली.

बायको पोरीला भरवत होती. “तो झालंच म्हणाला.”

“तेच की.”

“तेच कसं? काल बाथरूममधून तूही झालंच म्हणालास. अंगावर पाणी तरी पडलं होतं का?”

नव्हतं. फोन बघत बसलो होतो.

मी डेव्हलपरला आणि पणबाईंना परत स्क्रीनवर बोलावलं. “दाखव रे जरा.”

“झालंच आहे, सर. फक्त...”

या ‘फक्त’नं माझं अर्धं आयुष्य खाल्लंय. पान उघडलं. बटण देखणं, हिरवंगार. दाबलं. ढिम्म. परत दाबलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

“मागचं जोडायचं राहिलंय फक्त.”

“म्हणजे सगळंच की, गाढवा!”

“पण मी हेच सांगत होते,” पणबाई म्हणाल्या.

“सर, रागावू नका,” डेव्हलपर म्हणाला. “नाही झालं म्हटलं की तुम्ही अर्धा तास ‘का’ विचारता. झालंच म्हटलं की सोडता.”

मी साहेबांना खरं काय ते कळवलं. लगेच त्यांचा मेसेज आला: ‘बटण दाखव. दाबू नकोस. बोलत राहा.’

अकराला मॅडम आल्या. मी बोलत राहिलो. बटणाचा रंग, बटणाच्या कडा.

“दाबा की,” मॅडम म्हणाल्या.

साहेब खोकले. समोर दारात बायको पर्स अडकवून, पोरीला कडेवर घेऊन उभी. मी चिठ्ठी ‘झालं’मधून उचलली आणि सगळ्यांदेखत मागच्या रकान्यात नेऊन ठेवली.

“मॅडम, झालेलं नाही. झालंच आहे.”

साहेबांचा खोकलाही थांबला.

“आमच्या ऑफिसचं रंगकाम दोन वर्षं झालंच आहे,” मॅडम म्हणाल्या. “खरं कधी होईल?”

मी डेव्हलपरकडे वळलो. ‘का’ विचारलं नाही. “कधी?”

“बुधवारी.”

“पण तपासायला मला दिवस नको?” पणबाई. “गुरुवारी.”

“गुरुवारी बटण मी दाबणार,” मॅडम म्हणाल्या. “वर्षाच्या कामाचं मग झालंच समजा.”

“थँक्यू, मॅडम, थँक्यू!” साहेब विरघळले.

बायकोनं भुवई उडवली.

“मॅडम,” मी म्हणालो, “झालं, की झालंच?”

मॅडम खदखदून हसल्या. “झालंच! चाललं की झालं.”

बायकोनं पोरगी माझ्या मांडीत टाकली. “म्हणजे माझी नोकरीही झालंच,” म्हणाली आणि चपला सरकवून जिना उतरली.

साहेब गेले, मॅडम गेल्या. माझं बोट सभा बंद करायला निघालं होतं.

“पण...” स्क्रीनवरून आवाज आला.

मी बोट मागे घेतलं, पोरीच्या तोंडात दिलं. “बोला, पणबाई.”