बारावं झाड आणि थोरलीची खाज

चाळीस वर्षं घोड्यांच्या पाठी घासून घासून त्या म्हाताऱ्याचं खरं नाव पुसून गेलं होतं आणि खरारेमामा एवढंच उरलं होतं. कुरण मालकीणबाईंचं, पाच घोडे मालकीणबाईंचे, पण घोड्यांच्या शेपटीमागचा सगळा कारभार मामांचा. घोड्यांत हुकूम चालायचा तो थोरलीचा. ही चोवीस वर्षांची घोडी; पोट सुटलेलं, खालचा ओठ लोंबता, आणि तोंडावर असा भाव की हे जग आपल्याच सोयीसाठी काढलंय, फक्त नीट चालवता येत नाही कुणाला.

कुरणात सावली नव्हती, म्हणून मालकीणबाईंनी बारा रोपं लावून घेतली. इथवर मामांना पटलं. पुढचं मात्र घशात अडकलं. पुढच्या उन्हाळ्यात बाराच्या बारा जिवंत दिसली पाहिजेत. एक जरी घोड्यांपायी गेलं तर घोडे बाईंच्या चुलतभावाकडे, चार दिवसांच्या वाटेवर, आणि मामांनी घरी आराम करायचा. सावली घोड्यांसाठी, आणि त्या सावलीपायी घोडेच बाहेर! पण मालकाची अक्कल चाकराने मोजायची नसते.

घरी ही बातमी ऐकून मामींनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही दिवसभर घरात?" त्या म्हणाल्या. "मग मलाच पाठवा त्या चुलतभावाकडे."

आणि लगेच त्यांनी आपल्या धाकट्या भावाला बोलावणं धाडलं. तो सुतार होता. हात चांगला, पण लाकूड वाळेपर्यंत थांबायचा धीर नाही. आज तोडलेलं उद्या दारात बसलेलं, आणि परवा ते दार उघडायला दोन माणसं. मेहुण्याने केलेल्या खाटेवर झोपलं की सकाळी पालवी झटकून उठावं लागतं, असं मामा चारचौघांत सांगत. सुतार ते हसून सोडून देई.

त्याने प्रत्येक रोपाभोवती चार खांब रोवले, वर फळ्या ठोकल्या. घोडे अंग घासून कुंपण पाडतील, तेव्हा खांबांना खिळे ठोकू, टोकं बाहेर, असंही सुचवलं. मामा शांतपणे म्हणाले, की माझ्या जनावराला ओरखडा आला तर तेच खिळे तुझ्या खुर्चीत ठोकीन, बसायच्या बाजूने.

तेवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण मामांची माया उतू चालली होती. खांबांचे कोपरे बोचू नयेत म्हणून त्यांनी काथ्याच्या जुन्या चटया कापल्या आणि सगळ्या खांबांना गुंडाळल्या. ज्या माणसाने जन्मभर खरारा केला, त्याने कुरणात अठ्ठेचाळीस खरारे उभे केले, आणि ते त्यालाच कळलं नाही.

घोड्यांना लगेच कळलं. दुसऱ्या दिवसापासून चरणं बाजूला राहिलं आणि पाचही जण डोळे मिटून, ओठ वाकडे करून खांबांना ढुंगणं घासू लागले. उरलेल्या वेळात फळ्यांवरून माना घालून शेंडे कुरतडू लागले. आठव्या दिवशी बारावं कुंपण थोरलीच्या भाराखाली आडवं झालं, रोप त्याच्याखाली मोडलं. तिने ते खाल्लंसुद्धा नाही. शेपूट उडवली आणि अकराव्याकडे निघाली.

सुतार येऊन बघून गेला. "दाजी, तुम्ही कुंपण नाही केलंत," तो म्हणाला, "न्हाव्याचं दुकान काढलंत."

मामा दुपारभर पालथ्या घमेल्यावर बसून राहिले. घोडे गेले म्हणजे आपण गेलो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बसल्या बसल्या त्यांची नजर कोपऱ्यात गेली. कुंपणांच्या गडबडीत महिनाभर तिथली लीद उचलायची राहिली होती. तिच्याभोवती गवत गुडघाभर, हिरवंगार, आणि एकाही घोड्याचं तोंड तिकडे वळत नव्हतं. आपल्या लिदीपाशी घोडा चरत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि ती हद्द मामा चाळीस वर्षं रोज सकाळी घमेल्यात भरून बाहेर फेकत आले होते.

त्यांनी लीद पाण्यात कालवली, चटया सोडल्या आणि अकरा कुंपणांना रंग दिल्यासारखा हात मारला. शेंडे वाचले. पण खाज काही लिदीने जात नाही. म्हणून मोडलेल्या रोपाच्या जागी मामांनी मेहुण्याकडून एक जाडजूड खांब आणवला, घोड्यांच्या डोक्याहून उंच, कमरेइतका खोल गाडला आणि सगळ्या चटया त्यालाच गुंडाळल्या. घोड्यांची रांग तिकडे लागली. पहिला नंबर थोरलीचा.

उन्हाळा आला, आणि बाई आल्या. कुंपणांना दर थोड्या दिवसांनी लिदीचा नवा हात दिलेला, त्यामुळे वास असा की बाईंनी रुमाल काढला तो खाली घेतलाच नाही. नाक दाबून त्या मोजत निघाल्या. अकरा झाडांना छान पालवी होती. खोटं बोलायचं नाही असं घरी ठरलं होतं. या वयात सांगितलेलं खोटं लक्षात राहत नाही, असं मामींचं मत होतं.

बाराव्या जागी बाई थांबल्या.

"बाई, हे झाड नाही," मामा म्हणाले. "झाड थोरलीने मोडलं. हा नुसता खांब आहे."

बाईंनी वर बघितलं. चटया संपत होत्या तिथे, अगदी टोकाला, टकलावर चार केस राहावेत तसा हिरवा पाला फुटला होता.

"मग हा पाला कुणाचा?"

मामांनीही वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "त्याचाच," ते म्हणाले.

"खांबाला कळलंय," बाई रुमालातून म्हणाल्या, "तुम्हालाच कळायचं राहिलंय. बारा झाली. घोडे राहू देत. पण यालाही कुंपण घाला, आणि त्या घोडीला बाजूला करा."

मागे सुतार उभा होता. त्याची छाती सदऱ्यात मावत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या ओल्या लाकडाची कुणी बाजू घेतली होती.

थोरली तोवर येऊन खांबापाशी पाठ फिरवून उभी राहिली होती आणि माणसं कधी जातात याची वाट बघत होती. हिला आता दुसरा खांब द्यायला हवा. सुतार न सांगता कुऱ्हाड आणायला निघाला. मामांनी त्याला हाक मारली. इतक्या वर्षांची थट्टा गिळायला त्यांना जरा वेळ लागला.

"ओलंच आण," ते म्हणाले.