समोर बसलेलं माणूस

“हलू नको,” रामकिशन पाचव्यांदा म्हणाला, तशी त्याची बायको सरजाबाई स्टुलावरून उठलीच. भाजी जळून राहिली म्हणाली आणि आत गेली. रामकिशननं ब्रश डब्यात आपटला.

मी त्याच्या शेजारचा, फ्रेम बनवणारा वैजनाथ. देगलुरात आम्ही दोघांनी चाळीस वर्षं मेलेल्यांवर संसार केला. त्यानं गेलेल्या माणसाच्या फोटोवरून चित्र काढायचं, मी काच लावायची. जिवंतपणी स्वतःचं चित्र काढून घ्यायला आमच्याकडं कोण धजतंय? मरणाला आवतण दिल्यासारखं वाटतं लोकांना.

मागच्या सोमवारी नांदेडच्या डॉक्टरांनी रामकिशनला काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिली तेवढी सांभाळा म्हणाले. तेव्हापासून या माणसाला चैन नाही. नजर जायच्या आत समोर बसलेलं एक तरी जिवंत माणूस काढायचं, एवढाच ध्यास. आधी मलाच बस म्हणाला होता. मी काम आहे म्हणून सटकलो. खोटं कशाला बोलू, भ्यालो. सरजाबाईनं मात्र असल्या भीतीला भीक घातली नाही.

तिसऱ्या दिवशी चित्र झालं. मी म्हणालो, झकास. सरजाबाई पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

“ही कोण हाय?” तिनं विचारलं.

रामकिशन हसला, पण ती थट्टा करत नव्हती. मीही नीट पाहिलं. चित्रातली बाई गोरी, गुळगुळीत गालांची होती. जरा उजळ करा, सुरकुत्या काढून टाका, असं गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून त्याचा हातच तसा झाला होता. बायको समोर बसली, तरी त्या हातानं तिला मेलेल्या माणसासारखीच सजवली.

त्यानं टर्पेंटाइनच्या फडक्यानं चेहरा पुसून काढला. मला फार वाईट वाटलं. मग तिला दारातल्या उजेडात बसवून तो अगदी जवळ गेला आणि तिच्या भुवईवर बोट ठेवलं.

“हा वण कशाचा गं?”

“सुगत पोटात असताना हौदावर पडले. तुमी उमरीला गेलता, कुणाचा तरी फोटो आणाया.”

सुगत त्यांचा मुलगा. आता तिशी ओलांडलीय त्यानं.

रामकिशननं ब्रश उचलला. पुसलेल्या जागी त्यानं आधी तो वण काढला.