सगळ्यात वाकडा तुकडा

— बाबा, लॅबला पाठवायचे तुकडे सगळे सरळच कसे?
— मग? वाकडे पाठवून नाक कापून घेऊ?

बोटींच्या कारखान्यात बाबा वेल्डर. लेक तिथेच कॉम्प्युटरवर. जोडलेला पत्रा किती ओढाताण सोसेल, कधी तडकेल, हे आधीच सांगणारं मॉडेल तिचं. जाड पत्र्यांना ते अचूक लागू पडायचं. बोटीच्या वरच्या मजल्याला पातळ पत्रा लावला आणि सगळं फिसकटलं. लॅबमध्ये टिकणारे सांधे बोटीवर तडकू लागले. मोठे साहेब म्हणाले, वेल्डिंगच कच्चं. पातळ काम बाबांच्या हातून जाण्याच्या बेतात होतं.

आणि हे सरळ तुकडे.

सगळेच वेल्डर चाचणीला सरळ तुकडेच निवडून पाठवत, इभ्रतीपायी. पण पातळ पत्रा उष्णतेने बाक धरतोच. ओढला की सरळ व्हायला बघतो, सोडला की परत वाकतो, आणि सगळा ताण सांध्याच्या कडेवर येतो. बोटीवर बाक होता. लॅबमध्ये नव्हता. मॉडेलमध्येही नव्हता.

— तुमचा सगळ्यात वाकडा तुकडा द्या.
— माझा वाकडा नसतोच.
— बाबा.
— ...कपाटामागे बघ.

तिने त्याचा बाक जसाच्या तसा मोजून मॉडेलमध्ये घातला. मग लॅबमध्ये साहेबांसमोर तुकड्यावर खडूने रेघ मारली. "तडा इथे जाईल. सरळ तुकड्याच्या निम्म्या आयुष्यात."

"आणि नाही गेला तर?"

"तर तुमचं खरं."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने घरच पणाला लावलं.

तुकडा मशीनवर चढला. ओढ. सोड. ओढ. सोड. ओढ.

मशीन थांबलं. लॅबवाल्या बाई भिंग घेऊन वाकल्या. "रेघेवरच. निम्म्याच्या थोडं अलीकडे." त्यांनी सांधा कापून पाहिला. आत कुठेही पोकळी नव्हती, भरीव काम.

साहेबांनी घसा साफ केला. "पातळ काम यांच्याकडेच राहू द्या. आणि बाक धरून हिशेब पुन्हा करा."

"केलाय," लेक म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत बाबा तो तुकडा घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होते.

"रेघ आधीची बरं का. तडा नंतरचा."

"ते कळलं हो," फिटर म्हणाला. "पण इतका वाकडा जोडला कुणी?"

"मी. पातळ पत्रा आहे, वाकणारच. तू रेघ बघ."