लेखी नकार

कागदपत्रांच्या तपासणीच्या खोलीतले साहेब कुणावर ओरडत नसत. त्यांच्या खात्यावर जमेला एवढंच. बाकी सगळं नावे. नकार ते तोंडी देत, तोही मऊ आवाजात. माघारीचा अर्ज मात्र लेखी घेत, उमेदवाराच्याच अक्षरात. त्यामुळे फायली चाळल्या तर या खोलीने आजवर कुणालाच नाकारलेलं नव्हतं. लोकच आपणहून परत गेलेले.

पाणीपुरवठ्याच्या कारकुनांच्या भरतीत दिव्यांगांसाठी एक जागा राखीव होती आणि त्या यादीत झिपरी पहिली आली होती. लहानपणी केस विस्कटलेले असत म्हणून पडलेलं नाव. केस वळणावर आले तरी घरच्यांनी नाव काही सोडलं नाही. डावा पायही लहानपणापासूनच लुळा, गुडघ्याखाली पट्ट्यांचा बूट. राखीव जागेला तिचे गुण पुरून उरत होते, सर्वसाधारण यादीला थोडे कमी पडत होते. आणि वयाच्या अटीप्रमाणे ही तिची शेवटचीच भरती.

सोबत वहिनी होती. शिवणाची गिऱ्हाइकं सोडून आली, म्हणजे माया होतीच. पण लवकर आटपलं तर बरं, हेही चेहऱ्यावर पक्की टीप घालून बसवलेलं होतं.

साहेबांनी तिचा दिव्यांगत्वाचा दाखला उलटसुलट पाहिला. "ताई, हा मुदतीनंतरचा आहे."

"मी डॉक्टरांच्या मंडळाकडे जाहिरातीच्या आधीच अर्ज केला होता. पोच जोडलीय. तिघांच्या सह्या लागतात, आणि तिघं एकदम सापडायला नशीब लागतं."

"ते मंडळ वेगळं, आमचं खातं वेगळं."

"सरकार तर एकच ना?"

साहेब समजूतदार हसले. "मुदतीच्या दिवशी तुम्ही दिव्यांग असल्याचा पुरावा नव्हता, एवढंच म्हणतोय मी."

"मग त्या दिवशी मी काय नाचत होते?"

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं.

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "असं करा. राखीव जागेवरचा हक्क स्वखुशीने सोडते, असं लिहून द्या. सर्वसाधारणमध्ये धरतो तुम्हाला."

वहिनी कानाशी लागली. "लिही बाई. हातचं सोडून पळत्याच्या मागे नको लागूस."

"हातात काय दिलंय यांनी, वहिनी? त्या यादीत मी बसत नाही. मलाही ठाऊक आहे, त्यांनाही."

"मग लिहून कशाला घेतायत?"

"मीच आपणहून गेले असं दिसायला."

धुतल्यावर आटलेलं कापड घेऊन दुकानदारासमोर उभं राहावं, तशी वहिनी साहेबांकडे वळली. "अहो, बुडवायचं ते बुडवायचं, वर स्वखुशीही आमच्याकडूनच घ्यायची?"

झिपरीने कागद परत ढकलला. "नकार तुमचा. तुम्ही लिहा."

"तशी पद्धत नाही."

"पडेल आजपासून. लिहा, पाय लहानपणापासून अधू आहे, दाखल्याचा अर्ज मुदतीआधीचा आहे, पण डॉक्टरांनी सह्या उशिरा केल्या म्हणून जागा देत नाही. खाली तुमचं नाव."

साहेबांनी पेन कागदाला टेकवलं आणि तिथेच थांबले. हिशेबाला ते कच्चे नव्हते. हे लिहिलं की अपील होणार, आणि अपिलात पहिला प्रश्न सही करणाऱ्यालाच.

"हे पाहा, मी वाईट माणूस नाही."

"असलात तरी चालेल. लिहा."

"मागे रांग खोळंबलीय."

"म्हणून तर म्हणते, पटकन लिहा."

शेवटी साहेबांनी लिहिलं, पण निराळंच: दाखला स्वीकारला, निर्णयासाठी वरिष्ठांकडे सादर.

झिपरीने दोनदा वाचलं. "निर्णय होईपर्यंत ही जागा भरणार नाही, हेही घाला."

घातलं. सही केली. वहिनीने शिक्का त्यांच्या हाताशी आणून ठेवला, गिऱ्हाइकाच्या हातात राहिलेलं बटण द्यावं तसा. तोही उमटला.

जागा मिळाली नव्हती. पण आता ती दुसऱ्या कुणाला गुपचूप देताही येणार नव्हती. एवढ्यावर आज घरी जाता येत होतं. कागदाची प्रत घेऊन झिपरी उठली, तसा मागचा जाड चष्म्याचा माणूस खुर्चीत येऊन बसला. मागच्याच आठवड्यात तो माघार लिहून देऊन गेला होता. आज आपली मूळ कागदपत्रं न्यायला आला होता.

"साहेब, कागदपत्रं राहू द्या. माझा माघारीचा अर्ज परत द्या. मलाही तुमच्याच हातचं लिहून पाहिजे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"टोपण कशाला लावताय?" रांगेतून आवाज आला. "बरेच जण आहोत आम्ही."